शब्द हवा: डेडलॉक आणि लॉक वेट, दोन्हींना 'कोंडी' कसं चालेल?

रात्रपाळी
एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूमसाठी मराठी सूचनापत्रक नव्याने लिहितोय. रात्री बसणाऱ्या मुलांना इंग्रजी येतं, पण घाईच्या वेळी मराठी लवकर कळतं. जुन्या पत्रकात डेटाबेसमधलं डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडणं) म्हणजे 'कोंडी' आणि लॉक वेट (एकाने धरलेलं सुटेपर्यंत बाकीच्यांनी थांबणं) म्हणजेही 'कोंडी'. मागच्या महिनाअखेरीला व्याज आकारणी चालू असताना सगळं थांबलं. ड्यूटीवरच्या मुलाने पत्रकात 'कोंडी' शोधली. तिथे लिहिलं होतं, 'सर्व्हर स्वतः सोडवतो, नंतर काम पुन्हा चालवा.' तो बिचारा वाट बघत बसला. पण ते डेडलॉक नव्हतंच. दुपारी कोणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडून कमिट, म्हणजे पक्कं, न करताच घरी गेलं होतं आणि बाकी सगळे त्याच्यामागे उभे होते. सकाळी शाखा उघडली तेव्हा आकारणी अर्धवट.

तर दोन वेगळे शब्द हवेत. डेडलॉकला 'गतिरोध' असं एकाने सुचवलंय, मला पटत नाही.

पिंपळपान
गतिरोध नकोच. वाचणाऱ्याला रस्त्यावरचा गतिरोधक आठवणार, आणि त्यावर गाडी फक्त हळू होते. 'कोंडी'चं म्हणाल तर वाहतुकीची कोंडी पुढे एक ट्रक बंद पडला तरी होते, म्हणजे ती लॉक वेटच्या जवळची. डेडलॉकला 'तिढा' घ्या. जागावाटपाचा तिढा म्हणतो तेव्हा दोन्ही पक्ष एकमेकांच्या हातातलं मागत असतात आणि स्वतःचं सोडत नाहीत. डेडलॉक नेमकं तेच.

शब्दवेल्हाळ
तिढा हा बातमीदारांचा शब्द. तांत्रिक लेखनाला काटेकोर संज्ञा लागते. 'परस्परावरोध' म्हणा, अर्थ शब्दातच आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द दिले तेव्हा तेही नवेच होते. वापरले म्हणून रुळले. डेटाला 'विदा' हा शब्दही आपण वापरूनच रुजवला ना?

सातारी
विदा म्हटलं की आमच्या घरी अजून निरोप समारंभ आठवतो. राव, ज्या बँकेसाठी लिहायचंय तिचे जमा, वसूल, हप्ता हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. लॉकला आपण कुलूप म्हणतो तेही मूळ अरबी 'कुफ्ल', अक्षरांची अदलाबदल होऊन मराठी झालेलं. रात्री अडीच वाजता 'परस्परावरोध' वाचून कोणाचा हात चालणार? सरळ 'डेडलॉक' लिहा देवनागरीत.

जुना डीबीए
शब्द ठरवण्याआधी दोन्हींत काय करायचं ते वेगळं काढा, कारण उपाय अगदी उलटे आहेत.

डेडलॉकमध्ये दोघं एकमेकांसाठी अडलेले असतात. खाते १०१ मधून २०५ मध्ये पैसे टाकणारा आणि त्याच क्षणी २०५ मधून १०१ मध्ये टाकणारा. पहिल्याने १०१ धरलंय, दुसऱ्याने २०५. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) असं अडल्यावर १ सेकंद थांबतं (डेडलॉक टाइमआउटचं मूळ मूल्य तेवढंच), मग तपासतं आणि दोघांपैकी एकाला रद्द करतं. कोणाला, ते आधी सांगता येत नाही. रात्रीच्या माणसाने इथे फक्त रद्द झालेलं काम पुन्हा चालवायचं. कायमचा इलाज प्रोग्रॅमरकडे: दोन्ही खाती नेहमी एकाच क्रमाने धरा, उदाहरणार्थ लहान क्रमांकाचं आधी.

लॉक वेटमध्ये असं आपोआप काही सुटत नाही. पोस्टग्रेसमध्ये लॉक टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे अमर्याद वाट. तुमची रात्र तशीच गेली. मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इनोडीबी (त्याचं साठवणीचं इंजिन) ५० सेकंदांनी एरर देतं, पण मुळातल्या सेटिंगमध्ये तेवढं एक स्टेटमेंटच (एकच आज्ञा) मागे फिरतं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. हे अनेकांना माहीत नसतं.

म्हणून मुलांना शिकवा: रांगेतल्या सेशन्सना (सर्व्हरशी जोडलेल्या कनेक्शन्सना) हात लावू नका, रांगेच्या तोंडाशी कोण आहे ते शोधा. पोस्टग्रेस ९.६ पासून पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन आहे, अडलेल्या सेशनचा क्रमांक दिला की अडवणाऱ्यांचे क्रमांक देतं. बहुतेक वेळा तिथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून स्वस्थ बसलेला) सापडतो. त्याच्यावर कॅन्सल चालत नाही, कारण चालू क्वेरीच नसते. टर्मिनेटच करावं, म्हणजे त्याचं कनेक्शनच तोडावं लागतं. आणि लिनक्सवर जाऊन किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारण्याची आज्ञा) अजिबात नको. एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) तसा मारला की पोस्टग्रेस बाकी सगळी कनेक्शन्सही तोडून रिकव्हरीत जातं.

गोदाकाठ
आमच्याकडे असं झालं की सर्व्हर रीस्टार्ट करतात. पाच मिनिटांत सुरळीत. शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला?

जुना डीबीए
सुरळीत होतं, पण कोणी अडवलं होतं हा पुरावा त्यासोबत पुसला जातो. पुढच्या महिन्यात तोच माणूस तसंच ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून जाणार. निदान आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीची (चालू सेशन्सच्या यादीची) नक्कल फाइलमध्ये काढून घ्या, आणि आयडल इन ट्रान्झॅक्शनची कालमर्यादा कायमची लावून टाका.

पिंपळपान
डीबीए काकांच्या लिहिण्यावरून लॉक वेटला शब्द सुचला: 'खोळंबा'. लोकलचा खोळंबा होतो तेव्हा पुढचं काहीतरी अडलेलं असतं आणि मागचे निर्दोष असतात. खोळंबा आणि तिढा. झालं काम.

सागवान
खोळंबा उत्तम. आमच्या रत्नागिरीकडे 'खोटी' म्हणतात. आजी कायम म्हणायची, 'माझी खोटी करू नको.' फक्त पत्रकात 'सेशनची खोटी झाली' लिहिलं तर मुंबईचा मुलगा खोटं सेशन समजेल. खोळंबा शब्दाबद्दल माझा तर्क असा की गवंड्याच्या ओळंब्याशी नातं असावं, लोंबकळत राहणं.

शब्दवेल्हाळ
ओळंबा 'अवलंब'वरून. मग खोळंब्यातला 'ख' कुठून आला ते सांगा. आवाज जुळला की नातं जुळत नाही.

सागवान
'ख'चं उत्तर माझ्याकडे नाही, तर्क म्हणूनच लिहिलंय. बाकी कोणाकडे जुना दाखला असेल तर वाचायला आवडेल.

कडीकोयंडा
लॉकला कुलूप म्हणणार असाल तर लॅचला काय म्हणाल? ओरॅकल डेटाबेसमध्ये लॅच वेगळा: मेमरीतल्या रचना जपायला, अगदी क्षणभर लावलेला. मी 'कडी' म्हणतो. आत शिरलो, कडी लावली, बाहेर पडताना काढली. कुलपाला किल्लीवाला धनी असतो.

सातारी
कडी झकास. हे मराठी चालेल मला.

रात्रपाळी
मंडळी, एक नवी अडचण. आमच्या एका शाखेत एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेसही आहे. तिथे एरर १२०५ म्हणजे डेडलॉक, आणि मायएस्क्यूएलमध्ये १२०५ म्हणजे लॉक वेटची मुदत संपली (तिथलं डेडलॉक १२१३). म्हणजे पत्रकात नुसता क्रमांक देऊन भागणार नाही, शब्द लागणारच. आणि एसक्यूएल सर्व्हरचा संदेश रद्द झालेल्या सेशनला डेडलॉकचा 'व्हिक्टिम' म्हणतो. 'बळी' लिहू का?

पिंपळपान
बळी नको हो. कारकुनाला वाटेल ग्राहकाची नोंदच गेली. 'या सेशनला माघार घ्यावी लागली' असं लिहा. रोलबॅकलाही (केलेले बदल मागे फिरवणं) 'माघार' चालेल.

शब्दवेल्हाळ
माघार स्वेच्छेने घेतात, उमेदवार अर्ज मागे घेतो तशी. इथे सर्व्हरने बाहेर काढलंय. 'बळी' कठोर आहे, पण खरा आहे.

जुना डीबीए
बळी म्हणा की माघार, त्याच ओळीत पुढे हे मात्र लिहा: पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएस्क्यूएलमध्ये डेडलॉकनंतर पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवायचं. ओरॅकलमध्ये ओआरए-०००६० (तिथला डेडलॉकचा एरर) आला तर फक्त ते स्टेटमेंट मागे फिरलेलं असतं, आधीची कुलपं तशीच लागलेली असतात. तिथे प्रोग्रॅमने स्वतः रोलबॅक केला नाही, तर दुसरा माणूस त्याच्यामागे ताटकळतच राहणार.

शब्दवेल्हाळ
मग ओरॅकलपुरतं 'बळी' माझंही मागे. तिथे कोणी पुरतं गेलेलंच नाही. 'अर्धी माघार' म्हणावं का?