लायनसचा डेस्कटॉप उडाला तो व्हिडिओ: चूक सादर करणाऱ्याची की सॉफ्टवेअरची?

टर्मिनलप्रेमी:
लायनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलचं लिनक्स चॅलेंज काल परत बघितलं, नोव्हेंबर २०२१ चं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लायनस सेबॅस्टियन आणि त्याचा सहकारी ल्यूक या दोघांनी घरच्या मशीनवर विंडोज सोडून लिनक्स वापरायचं ठरवलं. लिनक्सचे बरेच प्रकार असतात, त्यातलं ल्यूकने मिंट घेतलं, लायनसने पॉप ओएस. लायनस स्टीम हे गेमचं ॲप टाकायला गेला, पॉप शॉप या पॉपच्या ॲप स्टोअरमधून होईना म्हणून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून साधी ॲप्ट-गेट इन्स्टॉल स्टीम कमांड दिली. ॲप्टने, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने, ही भलीमोठी यादी दाखवली, एवढी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) काढली जातील म्हणून, त्यात अख्खं डेस्कटॉप होतं, आणि खाली लिहिलं की पुढे जायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गायब, उरली काळी स्क्रीन.

मी रोज लिनक्सवरच काम करतो आणि मला मनापासून वाटतं की लिनक्सवर झालेल्या व्हिडिओंमधला हा सगळ्यात उपयोगी आहे. तेव्हा आपल्याच लोकांनी त्याला जे झोडपलं ते अजिबात पटलं नाही.

रूटभाऊ:
नाही पटत राव. इशारा स्वच्छ इंग्रजीत होता, त्याची मातृभाषाच ती! मशीन सांगतंय की तुम्ही काहीतरी घातक करताय, मुद्दाम अख्खं वाक्य टाइप करायला लावतंय, आणि हा न वाचता पुढे जातो. घरात बसून केलं असतं तर त्याचं नुकसान त्याच्यापाशी. पण लाखो लोक बघतात म्हटल्यावर जबाबदारी नको का? स्टीमच्या पॅकेजमधली मूळ गडबड पॉपवाल्यांनी लगेच निस्तरली, पण नंतर कित्येक महिने कोणाला लिनक्स सुचवलं की पहिला प्रश्न हाच, 'ते स्टीम टाकलं की डेस्कटॉप उडतं तेच ना?'

टर्मिनलप्रेमी:
भाऊ, यादी परत बघ एकदा. पॉप-डेस्कटॉप, जीडीएम३, एक्सऑर्ग असली नावं. विंडोजवरून काल आलेल्या माणसाला जीडीएम३ म्हणजे लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम हे कुठून कळणार? त्याने गेम खेळायचं ॲप मागितलं होतं, काही काढायला सांगितलंच नव्हतं. टाकायच्या कमांडने डेस्कटॉप काढायची तयारी दाखवावी हाच मुळात दोष आहे आणि तो कित्येक वर्षं तिथे होता, आपल्याला सवय झाली म्हणून दिसत नव्हता. त्यानंतर ॲप्टच बदललं की, २.३.१२ पासून असली अत्यावश्यक पॅकेजेस नुसतं वाक्य टाइप करून निघत नाहीत, त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. ॲप्ट वापरणाऱ्या डेबियन, उबंटू या लिनक्सवाल्या सगळ्यांचा फायदा. आपण सांगत राहिलो असतो 'नीट वाचत जा', तर हे झालं असतं का?

मिंटवाली ताई:
मला दोघांचंही अर्धं पटतं पण माझी तक्रार वेगळी आहे, वेगाची. ऑगस्ट २०२३ मध्ये गेमर्स नेक्सस चॅनेलच्या स्टीव्ह बर्कने लायनसच्या चॅनेलच्या चाचण्यांमधल्या चुका काढल्या होत्या. बिलेट लॅब्स या कंपनीचा कूलर ३०९० टीआय या ग्राफिक्स कार्डसाठी बनवलेला, तो यांनी ४०९० या दुसऱ्याच कार्डवर बसवून निकाल देऊन टाकला, वर तो नमुना लिलावात विकला. शेवटी काही दिवस शूटिंग बंद ठेवावं लागलं. घाईघाईत करायचं, वैतागायचं, त्याचाच व्हिडिओ करायचा, यातून बघणाऱ्याच्या हाती काय लागतं? त्यापेक्षा आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठीतूनसुद्धा आहेत, एक जण शांतपणे सांगतो, आपण शेजारच्या विंडोत तसंच करून बघायचं. ना जाहिरात, ना थंबनेलवर वासलेलं तोंड. माझ्या आईने लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) असंच शिकलं.

टर्मिनलप्रेमी:
ताई, कूलरचा प्रकार चुकीचाच, त्यावर वादच नाही. पण तिथे तो परीक्षक म्हणून बसला होता, आकडे देत होता, लोक त्यावर पैसे खर्च करतात. लिनक्सच्या वेळी तो वापरणारा होता, आणि वापरणारा अडखळला तर कुठे अडखळला तेच बघायचं असतं. स्पोकन ट्युटोरियल मलाही आवडतात, पण तिथे शिकवणाऱ्याला वाट माहीत असते त्यामुळे खड्डा दिसतच नाही.

रूटभाऊ:
ठीक, वापरणारा म्हण. मग वापरणाऱ्यासारखं अडल्यावर थांबायचं, कोणाला तरी विचारायचं. आपल्यापैकी प्रत्येकाने सुरुवातीला तेच केलंय. आणि ॲप्ट सुधारलं हे मी आनंदाने मान्य करतो, पण ते सांगणारा व्हिडिओ कोण बघतो? काळी स्क्रीन सगळ्यांनी बघितली. माझं म्हणणं एवढंच, दोष दुरुस्त झाला की त्याच चॅनेलवर, तेवढ्याच मोठ्या थंबनेलने ते सांगायला पाहिजे.

टर्मिनलप्रेमी:
या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. विचारायचं म्हणशील तर कोणाला, ते पण सांग, कारण नवख्याने मदत मागितली की आपल्या ग्रुपवर पहिलं उत्तर 'मॅन पेज वाच', म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका वाच, हेच येतं.