ऑलिव्ह ब्रँच अर्ज, १७७५: खरा समेट की नुसता देखावा?

गावकूस:
अमेरिकन राज्यक्रांतीचा विषय निघाला की पेन्सिल्व्हेनियाचा प्रतिनिधी जॉन डिकिन्सन हमखास भित्रा ठरतो. मला ते पटत नाही. जुलै १७७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या फिलाडेल्फियातल्या दुसऱ्या काँग्रेसने ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जला जो समेटाचा 'ऑलिव्ह ब्रँच' अर्ज धाडला, त्याचा मसुदा याचा. जूनमध्ये बॉस्टनजवळ बंकर हिलच्या लढाईत हजारावर ब्रिटिश सैनिक मेले किंवा जखमी झाले होते, तरी अर्जात भाषा एकनिष्ठ प्रजेची. भांडण पार्लमेंट आणि मंत्र्यांशी, राजाशी नाही, अशी वाट त्याने मुद्दाम मोकळी ठेवली. राजाने अर्ज स्वीकारलाच नाही. मग फाटलं कोणामुळे?

खवचट:
एकनिष्ठ म्हणे! तारखा बघा जरा. १५ जूनला काँग्रेसने वॉशिंग्टनला सेनापती नेमलं. २७ जूनला कॅनडावर चाल करायला हिरवा कंदील. ५ जुलैला हा अर्ज मंजूर आणि लगेच ६ जुलैला 'आम्ही शस्त्र का उचललं' याचा जाहीरनामा, त्यातही तुमच्या डिकिन्सनचा हात. लंडनने यातलं नेमकं काय खरं मानायचं होतं?

दर्यावर्दी:
@खवचट, लंडनने काहीच मानायचं नव्हतं, कारण तिथे आधीच ठरलेलं होतं. नोव्हेंबर १७७४ मध्येच जॉर्जने पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला लिहिलं होतं की या वसाहती आपल्या ताब्यात राहणार की स्वतंत्र होणार, हे आता लढाईनेच ठरेल. अर्ज घेऊन रिचर्ड पेन ऑगस्टमध्ये लंडनला पोचला. २३ ऑगस्टला राजाने वसाहती बंडखोर असल्याची घोषणा केली. १ सप्टेंबरला पेन आणि आर्थर ली यांनी वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथच्या हाती अर्ज ठेवला, तर उत्तर मिळणार नाही असं कळलं. गुन्हेगार आधी ठरवला, कैफियत नंतर आली.

खवचट:
आणि काँग्रेसमधल्याच जॉन ॲडम्सचं पत्र? डिकिन्सनला खुजा ठरवणारं, सरकारच्या पाठीराख्यांना कधीच ओलीस धरायला हवं होतं म्हणणारं? ते ब्रिटिशांच्या हाती लागून छापूनही आलं. राजाने भोळसट व्हायचं का?

दर्यावर्दी:
पत्र २४ जुलैचं, पकडलं ऑगस्टमध्ये, तेही अमेरिकेत. शिडाच्या जहाजाने ते २३ तारखेच्या आत लंडनला कसं पोचेल? घोषणेचं खापर त्याच्यावर नको. नंतर 'बघा, आम्ही म्हणत होतो' म्हणायला मात्र ते कामी आलं.

ओसरीवरून:
आपल्याकडच्या मवाळांची आठवण झाली. अर्ज-विनंत्या, मग जहाल.

खवचट:
ही तुलना नको हो. मवाळांच्या हाती ना स्वतःच्या कर बसवणाऱ्या विधानसभा होत्या, ना सशस्त्र मिलिशिया, म्हणजे स्थानिक नागरिकांची फौज. या वसाहतींकडे दोन्ही होतं. म्हणूनच तर मला तो अर्ज नाटकी वाटतो.

गावकूस:
नाटक असतं तर एवढी फाटाफूट कशाला झाली असती? १७७४ मध्ये पहिल्या काँग्रेसमध्ये जोसेफ गॅलोवेने वसाहतींची स्वतःची संसद आणि वर राजाने नेमलेला अध्यक्ष अशी योजना मांडली, ती सहा वसाहती विरुद्ध पाच अशी एका मताने मागे पडली. पुढे काँग्रेसच्या इतिवृत्तातूनच गायब केली! म्हणजे जवळपास निम्म्या वसाहती राजासकट राहायला तयार होत्या. या काठावरच्यांना सोबत घेतल्याशिवाय स्वातंत्र्याचा ठराव निघालाच नसता. ॲडम्स कितीही चिडो, ते काम डिकिन्सनच्या अर्जाने केलं. आणि भित्रा म्हणाल, तर जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या मतदानाला तो गैरहजर राहिला, जाहीरनाम्यावर सही केली नाही, आणि थोड्याच दिवसांत मिलिशिया घेऊन न्यू जर्सीला गेला.

खवचट:
बरं, डिकिन्सन तुमचा. पण मग १७७८ चं काय करता? साराटोगाच्या लढाईत मार खाल्ल्यावर इंग्लंडने कार्लाइलचं शिष्टमंडळ पाठवलं, स्वातंत्र्य सोडून जवळजवळ सगळं देऊ केलं. तेव्हा काँग्रेसने ताठपणे सांगितलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा नाहीतर फौजा काढा, मग बोलू. तेव्हा दार कोणी लावलं?

दर्यावर्दी:
तीन वर्षं उशिरा आलेल्याला दार उघडं कसं मिळेल? तोवर फ्रान्सशी तह झाला होता.