इअर कँडलने कानातला मळ खरंच निघतो का?

आठवडाभर उजव्या कानाला दडा बसलाय, मैत्रीण म्हणते इअर कँडल (कानात टोक धरून पेटवायची पोकळ मेणबत्ती) लाव, ती मळ ओढून घेते, जळून झाल्यावर आत पिवळा मळ दिसतो म्हणे. कुणी करून बघितलंय का?

— तो मळ नाहीच हो, मेणबत्तीचंच मेण नि काजळी! नुसती हवेत जाळा, तरी तेच उरतं. १९९६ च्या अभ्यासात मोजलं तर ओढ शून्य, उलट काही कानांत मेण जाऊन बसलं.

— अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१० मध्ये इशारा दिलाय, भाजणं, पडद्याला भोक वगैरे.

— मी केलंय, ऊब छान वाटते पण दडा तस्साच. शेवटी डॉक्टरांनी थेंब देऊन मळ मऊ केला नि काढला, पाचेक मिनिटांत मोकळा. आणि कापसाचे बड्स घालू नका, मळ आत ढकलला जातो. कान दुखत किंवा वाहत असेल तर थेंबही विचारूनच.