हारहाउस-एल्टिंग की कूलहोफ? डच टेनिस दुहेरीत पारडं कुणाचं जड

बॅकहँड_स्लाइस
वेस्ली कूलहोफला पॉल हारहाउस आणि याको एल्टिंगच्या पंक्तीत बसवणं मला पटत नाही. त्या दोघांनी मिळून ५ ग्रँड स्लॅम जिंकली, एकूण ३९ स्पर्धा. १९९८ ची विम्बल्डन फायनल घ्या. समोर वुडब्रिज-वुडफोर्ड, सलग ५ वर्षांचे विजेते. निकाल २-६, ६-४, ७-६, ५-७, १०-८! कूलहोफ आणि त्याचा पार्टनर स्कुप्स्की २०२३ ची विम्बल्डन फायनल ६-४, ६-४ अशी जिंकले, आणि तिथली पुरुष दुहेरी पाचाऐवजी तीन सेटची झाली ती नेमकी त्याच वर्षी. पाचव्या सेटमध्ये ८-८ वर पाय जड झालेले असताना सर्व्हिस राखायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

टी_वर_सर्व्ह
नियम कूलहोफने बदललेले नाहीत. एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, २००६ पासून ड्यूसला (४०-४० बरोबरीला) एकच निर्णायक पॉइंट असतो, आणि तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटांचा टायब्रेक. निर्णायक पॉइंटला रिटर्न कुठल्या बाजूने घ्यायचा हे समोरची जोडी ठरवते, म्हणजे सर्व्हिसची आखणी दोन्ही बाजूंसाठी तयार लागते.

तिथे आय फॉर्मेशन कामाला येतं. सर्व्ह करणाऱ्याचा पार्टनर नेटजवळ मधल्या रेषेवर, डोकं नेटच्या खाली जाईल इतका वाकून बसतो, कुठे झेपावणार ते पाठीमागे बोटांनी खुणावतो. सर्व्हिस टीवर (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाशी) पडली तर रिटर्नला कोन मिळत नाही. हातभर बाहेर सरकली की अ‍ॅली (कोर्टाच्या कडेचा दुहेरीचा पट्टा) उघडी पडते आणि पार्टनर उलट्या बाजूला निघालेला असतो. दुसरी सर्व्हिस हळू पडली तर रिटर्न करणारा पुढे येऊन थेट पायांत मारतो. या खेळावर कूलहोफ-स्कुप्स्कींनी २०२२ मध्ये ७ स्पर्धा जिंकल्या आणि वर्षअखेर अव्वल ठरले.

बॅकहँड_स्लाइस
आखणीचं वर्णन अचूक आहे, पण विम्बल्डनला पुरुष दुहेरीत अ‍ॅडव्हांटेज असतो (ड्यूसनंतर सलग दोन पॉइंट घ्यावे लागतात), निर्णायक पॉइंट नाही. म्हणजे ज्या विजेतेपदावरून वाद चाललाय, तिथे तुमचा अर्धा मुद्दा लागूच होत नाही. शिवाय हारहाउस एकेरीत १८ वा, एल्टिंग १९ वा होता. नेटवरचा डाव फसला तरी बेसलाइनवरून पॉइंट ओढून आणायची ताकद दोघांत होती.

टी_वर_सर्व्ह
विम्बल्डनच्या अ‍ॅडव्हांटेजचं मान्य, माझा मुद्दा टूरपुरता धरा. एकेरीचंही मान्य. पण पार्टनर बदलून जिंकणं बघा. २०२० ची एटीपी फायनल्स, म्हणजे वर्षअखेरची स्पर्धा, कूलहोफने मेक्टिचबरोबर जिंकली. २०२३ च्या विम्बल्डन सेमीफायनलमध्ये रोहन बोपन्ना आणि एब्डेनला ७-५, ६-४ असं हरवलं ते स्कुप्स्कीबरोबर.

चौथा_सेट
पार्टनरवर वाद सुटत नाही. एल्टिंगने १९९८ चं ऑस्ट्रेलियन ओपन ब्योर्कमनबरोबर जिंकलं. हारहाउसने ३६ व्या वर्षी, २००२ मध्ये, काफेलनिकोव्हबरोबर फ्रेंच ओपन जिंकलं. १९९९ ची विम्बल्डन फायनल तो पामरबरोबर खेळला आणि पेस-भूपतीकडून चार सेटमध्ये हरला. त्यातला पहिला सेट हारहाउस-पामरने टायब्रेकमध्ये १२-१० असा घेतला होता. आजच्या तीन सेटच्या हिशोबात पेस-भूपतींनी पुढचे दोन ६-३, ६-४ घेतले तिथेच सामना संपला असता, विजेते तेच. त्यामुळे पाच सेट म्हणजे आपोआप मोठा विजय, हे मला पटत नाही. मात्र १९९८ च्या फायनलचे पहिले तीन सेट मोजले तरी हारहाउस-एल्टिंगच २-१ ने पुढे होते.