मदत हवी आहे : सासऱ्यांच्या जन्मस्थळाचा देपार्तमाँ (फ्रान्समधील जिल्हा) अर्जाच्या यादीत सापडत नाही

चित्रा_ल्योन : सासऱ्यांच्या जन्मनोंदीची संपूर्ण प्रत तातडीने हवी आहे. घरच्या कुटुंबपुस्तिकेत जन्मस्थळ ‘आर्जांतॉय, सेन-ए-वाझ’ असे आहे, परंतु ऑनलाइन अर्जात सेन-ए-वाझ हे नावच नाही. त्यांच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकात देपार्तमाँचा ७८ हा आकडा असल्यामुळे मी ७८ निवडले, तर त्याखाली आर्जांतॉय मिळत नाही. आता काय करावे?

प्रवासी : ९५१०० हा पोस्टाचा क्रमांक टाका, माझे काम नेहमी त्यानेच होते.

श्रीरंग : कृपया तसे करू नका. पोस्टाचा क्रमांक टपाल वाटपासाठी असतो आणि अनेक ठिकाणी तो चार-पाच कोम्यूनांना (स्वतःचे स्थानिक प्रशासन असलेल्या गावांना किंवा शहरांना) मिळून एकच असतो. नोंदीसाठी कोम्यूनचा स्वतंत्र क्रमांक असतो. आर्जांतॉयचा ९५०१८ आहे. सासऱ्यांचा जन्म कोणत्या वर्षीचा?

प्रवासी : आर्जांतॉयला दोन्ही क्रमांक ९५नेच सुरू होतात, तेव्हा इथे फरक पडणार नाही. पॅरिसमध्ये जन्म असेल, तर मात्र आराँदिसमाँ (शहराचा प्रशासकीय विभाग) विचारतात.

चित्रा_ल्योन : जन्म पॅरिसचा नाही. वर्ष १९६१.

नीलांबरी : मग उलगडा झाला. १ जानेवारी १९६८ रोजी सेन आणि सेन-ए-वाझ हे दोन देपार्तमाँ संपुष्टात आले आणि त्यांच्या जागी सात नवे झाले. ७८ हा आकडा व्हर्सायच्या बाजूच्या ईव्हलीनकडे राहिला, तर आर्जांतॉय वाल-द्वाझमध्ये, म्हणजे ९५मध्ये गेले. मात्र त्याआधी जन्मलेल्यांच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकात जुना ७८ कायम राहिला. गाव हलले नाही, त्याच्यावरचा जिल्हा बदलला. तुम्ही ९५ निवडा.

अरविंद_नाशिक : एवढा गोंधळ असेल, तर थेट प्रेफेक्त्यूरला (देपार्तमाँच्या सरकारी कार्यालयाला) पत्र लिहावे. आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात सगळे मिळते.

श्रीरंग : तिथे पत्र पाठवून वेळ जाईल. फ्रान्समध्ये जन्मनोंद ज्या कोम्यूनमध्ये जन्म झाला तिथल्या मेरीत (नगरपालिका कार्यालयात) असते आणि प्रत तीच विनामूल्य देते. सुमारे ३५ हजार कोम्यून आहेत, आणि अगदी लहान खेड्यालाही स्वतःचा मेर (महापौर) असतो. चित्राताई, अर्ज कोणाच्या नावाने भरत आहात?

चित्रा_ल्योन : माझ्याच. सासऱ्यांना संगणक जमत नाही.

नीलांबरी : अडचण तिथेही येईल. संपूर्ण प्रत स्वतः व्यक्तीला, तिच्या जोडीदाराला, आईवडिलांकडच्या पूर्वजांना किंवा मुला-नातवंडांना मिळते. सुनेला तो अधिकार नाही. अर्ज तुमच्या यजमानांच्या नावाने करा आणि सासऱ्यांच्या आईवडिलांची नावे, आजेसासूबाईंचे माहेरचे आडनाव धरून, जवळ ठेवा.

अरविंद_नाशिक : मराठी भाषांतरात सेन-ए-वाझच्या जागी वाल-द्वाझ लिहावे का?

नीलांबरी : नाही. मूळ नोंदीत जे आहे तेच ठेवावे आणि आजचे नाव तळटीपेत द्यावे.

चित्रा_ल्योन : यजमानांच्या नावाने ९५ निवडून अर्ज भरला आणि तो स्वीकारला गेला. आजेसासूबाईंचे माहेरचे आडनाव सासऱ्यांना विचारूनच लिहिले. सर्वांची मनापासून आभारी आहे.