उत्तर: मोजमाप नसलेल्या ओढ्यांचा पूर

'सीना नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर पाण्याचं मोजमापच नाही, मग पुराचा अंदाज कसा बांधणार?' असा प्रश्न आलाय. बांधता येतो. जलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००३ ते २०१२ हे दशक याच प्रश्नाला वाहिलं होतं. पद्धत अशी: मोजमाप असलेलं, तशाच मातीचं, उताराचं खोरं शोधायचं आणि तिथले आकडे इकडे लावायचे.

पण आपल्या काळ्या रानात जपून! जूनमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पहिला पाऊस गिळतात. सप्टेंबरात भेगा मिटलेल्या, तेवढाच पाऊस सरळ ओढ्यात. आधीची ओल धरली नाही तर हिशोब चुकणारच.

आणखी एक: पुलावर, देवळाच्या पायरीवर उरलेली गाळाची रेघ पुसण्याआधी मोजून ठेवा. त्या उंचीवरून, पात्राच्या छेदावरून आणि उतारावरून विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहिलं ते) काढता येतो.