मदत हवी आहे: मोसंबीचा रस तीन-चार तासांत कडू होतो, काय करावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते. सासऱ्यांसाठी विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

मामंजी ७६ वर्षांचे. सगळा जन्म वडगावात मागावर गेला. गणपती झाल्यावर त्यांचे उरलेले सात दात काढले. हिरड्या नीट भरून आल्याशिवाय कवळीचं माप घेता येत नाही, त्यामुळे तोवर मऊ आणि पातळच. आंबील, मऊ भात, आमटी सगळं घेतात. पण फळं म्हणजे त्यांचा जीव. पेरू चिरून मीठ-तिखट लावून ताटलीभर खाणारा माणूस आता नुसता बघत बसतो, ते मला बघवत नाही. म्हणून रस सुरू केला.

मी आणि हे, दोघंही साडेआठला बाहेर पडतो. सासूबाई नाहीत. सात वाजता मोसंबी सोलायची, फोडी मिक्सरात फिरवायच्या, गाळून काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं, असं चाललंय. मामंजी अकराच्या सुमारास घेतात. विचारलं की "बरा होता की" म्हणायचे. मागच्या आठवड्यात कढीपत्त्याला पाणी घालायला गेले तर कुंडीत मातीवर पिवळट चोथा वाळलेला, त्याला मुंग्या. मी त्यांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, अकरा वाजता बाटलीतला रस स्वतः घेऊन बघितला. तोंडात घेताना गोड, गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडूजहर. तोच रस सकाळी सातला चाखला होता, छान होता. रोज मामंजी बिचारे न बोलता ओतत होते, मला दुखवायचं नाही म्हणून.

मग अननस आणि दूध करून बघितलं. फिरवल्या फिरवल्या उत्तम, तासाभरानं वर पाणी आणि खाली फुटल्यासारखं, तेही कडू. दूध चांगलं होतं, त्याच दुधाचा चहा झाला.

पेरूचंही सांगा. गाळला तरी बारीक बिया येतात आणि हिरडीत रुततात. आणि त्यांची साखर थोडी वर असते, गोळी चालू आहे, तर किती द्यावं?

प्रतिसाद

वैनी, दोष मोसंबीचा नाही, मिक्सरचा आहे बघा. कॅम्पात बरीच वर्षं ज्यूसची गाडी लावली, हा अनुभव हातचा आहे. मोसंबीच्या बिया, आतली पांढरी साल आणि फोडींवरचा पापुद्रा, यांत एक पदार्थ असतो. त्याला स्वतःची चव नसते. पण तो रसात उतरला की रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. म्हणून सातला गोड आणि अकराला कडू. मिक्सरचं पातं बिया आणि पापुद्रे भरडून काढतं, त्यात हे जास्त उतरतं. फ्रिजमध्ये थोडं उशिरा होईल इतकंच. साखर घालून जात नाही, आणि गरम केलात तर आणखी लवकर होतं.

मोसंबी सोलू नका. आडवी कापा आणि पिळणीवर हलक्या हातानं पिळा. शेवटच्या थेंबासाठी दाबत बसू नका, कडू तिथंच असतं. तरीही काढल्या काढल्या घेतलेलाच चांगला. त्यापेक्षा असं करा की, दोन मोसंब्या धुऊन, पिळणी आणि पेला टेबलावर ठेवून जा. कापून झाकून ठेवल्या तरी चालेल. मामा अकराला पिळून घेतील. मागावर जन्म काढलेल्या माणसाच्या हातात तेवढी ताकद असतेच.

प्रतिसाद

ताई, खानापूरला शाळेत विज्ञान शिकवतो. अननसाचं कारण वेगळं आहे. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधातली प्रथिनं तुटली की दूध फुटल्यासारखं होतं, आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते तेही यामुळेच. सासऱ्यांच्या हिरड्या ओल्या असतील तर सध्या न शिजवलेला अननस नकोच.

उष्णतेनं हे विकर निकामी होतं. अननसाचे तुकडे थोड्या पाण्यात चांगले उकळा, पूर्ण गार करा आणि मग दूध किंवा दही घाला, कडू होत नाही. अननसाच्या शिऱ्यात दूध का चालतं, ते यावरून लक्षात येईल. पपई आणि किवी यांतही अशीच विकरं असतात. पपई-दूध केलं तर लगेच संपवायचं, ठेवायचं नाही. केळं, चिकू आणि आंबा यांना ही भीती नाही. तुमच्याकडे जवारी केळी मिळतातच, पण कापलेलं केळं काळं पडतं, तेव्हा तेही आयत्या वेळी.

प्रतिसाद

मी दवाखान्यात नर्स आहे. दोन-तीन गोष्टी सांगते.

एक पेला रसाला चार-पाच मोसंब्या जातात. दात असते तर मामांनी एका वेळी एक, फार तर दोन खाल्ल्या असत्या. रस गाळला की चोथा जातो आणि साखर राहते, म्हणून ती रक्तात झटकन चढते. तेव्हा अर्धा पेलाच, तोही जेवणानंतर, आणि वरून साखर अजिबात नको. रसापेक्षा अख्खं फळ दह्यात घुसळलेलं बरं. अर्धा चिकू, वाटीभर दही आणि रात्री भिजवून सोललेले चार बदाम बारीक वाटून. पोटाला आधार होतो, प्रथिनंही मिळतात. नुसत्या रसावर माणूस खंगतो. साखर घरी तपासत असाल तर नवीन फळ दिल्यावर दोन तासांनी एकदा बघा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा.

दात नुकते काढले असताना नळीनं ओढून प्यायला देत नाहीत, ओढण्यानं जखमेवरची गुठळी सुटू शकते. आता त्यांचं बरंच भरलं असेल, तरी पेल्यानंच द्या. आणि कुणी दुधी भोपळ्याचा रस सुचवला तर आधी फोड चाखा. कडू लागली तर तो रस एक घोटही देऊ नका, कडू दुधीनं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

पेरू उकडा. मऊ झाला की पुरणाच्या चाळणीवर चमच्यानं दाबून उतरवा. मिक्सरात घालू नका, बिया फुटतात आणि मग कशातनंही गाळून निघत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितेय.

परवापासून पिळणी टेबलावर ठेवून जाते. संध्याकाळी आले की मोसंबीच्या वाट्या कचऱ्यात, पिळणी धुऊन पालथी घातलेली आणि कुंडी कोरडी असते. "कडू लागत होता तर सांगायचं होतं ना मामंजी," असं शेवटी विचारलं. म्हणाले, "तू सहाला उठून करतेस, कसं सांगू?" मला पुढं बोलवेना.

चिकू-दही त्यांना आवडलं. बदाम आधी रवाळ राहत होते, आता थोड्या दह्याबरोबर आधी बदाम वाटते आणि मग चिकू घालते. अननस हिरड्या भरेपर्यंत बंद.

काल रविवार, पुरणाची चाळण काढली आणि पेरू उकडून उतरवला. बिया सगळ्या वर राहिल्या, खाली गुळगुळीत गर. तिखट अजून झोंबेल म्हणून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड ठेवली होती समोर. मीठ त्यांनी स्वतःच्या चिमटीनं घातलं, चाखलं, आणि वाटी पुढं केली, अजून आहे का म्हणून.